राक्षसाला धरायचे नियम

आई, तुला एक राक्षस धरायचा आहे असं समज. माडाएवढा उंच, हात ओंडक्यांसारखे, त्यात डोकं फिरलेलं. मारायचा नाही हं, नुसता धरून ठेवायचा, गावची माणसं खाडीपलीकडे पोचेपर्यंत. तू पहिला प्रश्न काय करशील ते मला पक्कं ठाऊक आहे: "जेवलाय का त्यो?" टाके घालायला आणलेल्या प्रत्येक माणसाबद्दल तू आधी हेच विचारायचीस. हसू नकोस, मी अगदी गंभीरपणे विचारतोय. तू जाऊन बावीस वर्षं झाली, आणि तुझा सल्ला घ्यावा असे प्रसंग मधे काय थोडे आले? लग्न केलं, घर बांधलं, लेक झाली, मधुमेह झाला. तेव्हा कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आणि आता शेहेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन बसलोय, तो एका राक्षसापायी.

नीट सांगतो. आम्ही दर रविवारी दुपारी पडवीत एक खेळ खेळतो. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी चेटकीण, कोणी चोर, कोणी लढवय्या. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, पूल मोडलाय, काय करता? मग ज्यानं त्यानं आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. फासा वीस बाजूंचा, मोठ्या बोराएवढा. सांगणारा मी. खेळणारे तिघं: माझी बायको, आमची बारा वर्षांची लेक आणि माझ्याच शाळेतले इंग्रजीचे सर. मी गणित शिकवतो तिथं. नागावात रविवारी दुपारी माणसांनी काय करावं याबद्दल जगाची कल्पना वेगळी आहे. रस्त्यावर गाड्यांची ही रांग, समुद्रात केळ्याच्या आकाराच्या बोटीवर बसून किंचाळणारे पाहुणे, शेजारच्या वाडीत जेवणाच्या ऑर्डरी. आणि आम्ही चार शहाणी माणसं पडवीत बसून नसलेल्या राक्षसाला घाबरतोय. तू म्हणाली असतीस, रिकामटेकड्यांचे धंदे. आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली असतीस.

या खेळाचे नियम एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात आहेत. पुस्तक सरांचं, आणि ते कोणाच्या हातात देत नाहीत. त्यात तलवारीनं मुंडकं उडवायचं असेल तर दोन ओळी. पण नुसता कोणाचा हात धरायचा असेल, कमरेला विळखा घालून थांबवायचं असेल, छातीवर बसायचं असेल, तर अडीच पानं! आधी हा फासा, मग तो फासा, मग समोरच्याची ताकद वजा, आपली चपळाई अधिक, मग कोष्टक बघा. मी गणिताचा मास्तर, माझ्यासुद्धा डोक्यात राहत नाही. परिणाम असा की दोन वर्षांत आमच्या गोष्टीत कोणी कोणाला धरलेलंच नाही. कापाकापी मात्र भरपूर. बायको म्हणते, "तुमच्या त्या जगात माणसं एकमेकांना कापायला घाबरत नाहीत, धरायला घाबरतात." मी तिला म्हटलं, अगं, धरणं किचकट असतं. तर म्हणाली, "सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं." तुमची गाठ कधी पडली नाही, पण ती तुझं नाव घेऊन मला गप्प करायला बरोब्बर शिकली आहे.

तर मागच्या रविवारी गोष्ट खाडीच्या धक्क्यावर आली. धक्का मी सरळ दिघीचा उचललाय, आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीसकट. ओहोटी लागलेली, बोटीत गावची म्हातारीकोतारी, पोरंबाळं, शेळ्या, आणि मागून राक्षस येतोय बोट उलटवायला. सरांचा लढवय्या बेशुद्ध पडलाय. बायकोची चेटकीण दोरखंड सोडतेय. राहिली आमची लेक. तिचं पात्र म्हणजे साडेतीन फुटांची एक वैदूबाई, कमरेला मलमाच्या डब्या. लेक म्हणाली, "मी त्याचा पाय धरते." सर गोष्टीत बेशुद्ध असले तरी पुस्तक वाचायला चांगले शुद्धीवर असतात. त्यांनी चष्मा वर सारला, पान काढलं. "आकारात दोन पायऱ्यांचा फरक आहे. बाई बुटकी, राक्षस अवाढव्य. धरता येत नाही." "प्रयत्न पण नाही करायचा?" "प्रयत्न पण नाही." लेक लालबुंद झाली. "आमच्या आजीनं धरला असता! ती बुटकीच होती, आणि तिनं एकेक दांडगे लोक धरलेत. विचारा बाबांना!" आणि वही मिटून उठली. असला खेळ मला नको म्हणाली. मी म्हटलं, थांब, पुढच्या रविवारपर्यंत धरण्याचे नवे नियम मी करतो. तशी दारातून वळून म्हणाली, "आजीसारखे करा. नाहीतर मी येणार नाही."

तिनं तुला पाहिलेलं नाही. तिला तू माहीत आहेस ती माझ्या गोष्टींतून, आणि माझ्या गोष्टींत तू कायम कोणाला तरी धरून असतेस. मी तरी काय करू, तुझं कामच ते. सरकारी दवाखान्यात वॉर्डात होतीस. कागदावर हुद्दा लांबलचक, पण डॉक्टरांपासून पेशंटापर्यंत सगळ्यांची मावशी. फरशी, चादरी, बेडपॅन सगळं तुझ्याकडे, पण नाव झालं होतं ते धरण्यात. पोराचा कान शिवायचाय, बोलवा मावशीला. बाईला कळा सोसवत नाहीत, बोलवा मावशीला. एकदा मी शाळेतून परस्पर तुझ्याकडे आलो होतो. ड्रेसिंगच्या खोलीत कपाळ फुटलेला एक पैलवानासारखा माणूस, पोटात दारू, दोघं वॉर्डबॉय त्यानं भिंतीवर भिरकावलेले. आणि तू, पावणेपाच फुटांची बाई, पदर खोचून त्याच्यासमोर उभी. "बस रं दादा. आधी बस तर खरा. काय झालंय बोल माझ्याशी." तो बसला. पुढची वीस मिनिटं तो तुला आपल्या मेव्हण्याची तक्रार सांगत होता, तू "व्हय रं, व्हय" करत होतीस आणि डॉक्टर टाके घालत होते. मी दाराआड उभा राहून छाती फुगवून बघत होतो. आपली आई आहे ही, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मग नवव्या वर्षी मला कुत्रा चावला आणि त्या खोलीत मीच आडवा झालो. आठवतंय ना, नाताळची सुट्टी लागलेली, मासळीबाजाराच्या मागं कुत्र्यानं पोटरी धरली. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक. पहिल्या दिवशी मला धरायला दुसरी मावशी होती. मी अशी लाथ झाडली की ट्रे खाली, सुई वाकडी, डॉक्टर भडकलेले. दुसऱ्या दिवसापासून तू आलीस. बाकीच्या पोरांना धरायला मावशी आणि दाराबाहेर वाट बघायला आई. मला दोन्ही कामांना एकच बाई! तुझा एक हात माझ्या गुडघ्यांच्या वर आडवा, दुसऱ्या हातात माझी दोन्ही मनगटं, हनुवटी माझ्या डोक्यापाशी. मी "आई, आई" करून टाहो फोडायचो, आणि तू म्हणायचीस, "झालं बाळा, झालंच हं." जे सगळ्यांना म्हणायचीस तेच, त्याच सुरात. पाचव्या दिवशी मी तुझ्या दंडाला कडकडून चावलो. तू हूं की चूं केलं नाहीस. म्हणालीस, "चाव. पण हलू नको."

हा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेल! स्टाफरूममध्ये, लग्नात, बायकोला पहिल्या भेटीत, लेकीला तर शंभरदा. "चाव, पण हलू नको" म्हटलं की सगळे हसतात. मीही हसतो. पण खरं सांगायचं तर आई, माझा राग होता तुझ्यावर. त्या खोलीत चौदा दिवस मला आई नव्हती, मावशी होती, असंच मी धरून चाललो. सदतीस वर्षं एक प्रश्न मनात ठेवलाय आणि तू असताना विचारायची छाती झाली नाही. तू तेव्हा कोणाच्या बाजूची होतीस? माझ्या, की सुईच्या?

चौदा संपल्यावर तू बाजारातून मला सापशिडी आणलीस. आपल्या घरातला पहिला खेळ तो. आणि खेळायला बसलीस तर पहिल्याच डावात नियम मोडलास. माझी सोंगटी सापाच्या तोंडात गेली तशी म्हणालीस, "असा कसा गिळंल? तोंड धर त्याचं मागनं. तोंड धरलेला साप काय करनार हाय?" मी म्हटलं, आई, तसं नसतं यात. "का न्हाय? ज्यानं ह्यो खेळ केला त्यानं साप बघितलाय का कधी?" मग आपण ठरवलं की सहा पडले तर साप धरता येतो. बाबा हसून लोळले होते. आज मी लोकांना गोष्टी सांगून फासे टाकायला लावतो, याचं खापर सगळं तुझ्या माथी आहे, हे तुला सांगायला हवं.

गेले आठ दिवस मी तुझे नियम आठवतोय. जास्त आठवली ती आपल्या स्वयंपाकघरातली एक संध्याकाळ. तू भाकऱ्या थापतेयस, बाबा खुर्चीत चहा घेतायत आणि तुला चिडवतायत की एवढ्याशा जिवानं कोणाला धरता येतं होय, ते लोक दयेपोटी बसत असतील. तू पिठाचा हात तसाच घेऊन उठलीस आणि बाबांच्या कपाळावर एक बोट टेकवलंस. "उठा." बाबांनी जोर केला. उठता येईना! खुर्चीच्या हातांना रेटा दिला नाही तर डोकं पुढं आल्याशिवाय माणूस उठूच शकत नाही, आणि डोकं तू धरलेलं. पावणेसहा फुटांचा माणूस एका बोटाखाली खुर्चीत. कपाळाला पिठाचा टिळा. मग तू मला म्हणालीस, "उभ्या माणसाला कधी धरू नये, आदी बसवावा. आन् हाड धरायचं न्हाय, सांध्याच्या वर धरायचं, म्हंजे त्याला लागत न्हाय आन् आपला हात दमत न्हाय. आन् बोलत ऱ्हावं. आपलं तोंड बंद पडलं की त्यो आपली ताकद बघाया लागतो." तिकडे तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

तेवढ्यावरून मी नियम लिहिले. अडीच पानांचं अर्धं पान झालं. आकाराचं कोष्टक उडवून टाकलं. कोणीही कोणालाही धरू शकतो, फक्त समोरचा धड उभा नसला पाहिजे. बसलेला, घसरलेला, चिखलात रुतलेला, गाफील, कसाही चालेल. धड उभा असेल तर आधी त्याचा तोल घालवा. मग एकच फासा, दहाच्या वर पडला की धरला. धरलेल्यानं आपल्या पाळीला सुटायचा फासा टाकायचा. धरणारा त्याच्याशी बोलत राहिला आणि समोरच्याला ऐकावंसं वाटेल असं काही बोलला, तर सुटणं अवघड होतं. धरलेल्याला इजा होत नाही. इतकं झाल्यावर मी विचार करत बसलो की तू धरलेलं असताना तुझं काय व्हायचं. इंग्रजी पुस्तकात सगळं धरलेल्याबद्दल आहे, त्याला काय करता येत नाही याची यादी. धरणाऱ्याबद्दल अवाक्षर नाही. पण तुझे तर दोन्ही हात गुंतलेले असायचे की. म्हणून शेवटची ओळ लिहिली: धरणाऱ्यालाही बोलण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही, आणि सोडायचं असेल तर तो केव्हाही सोडू शकतो.

आज सगळे जमले. सरांनी कागद तीनदा वाचला. "हे फार सोपं आहे," म्हणाले, म्हणजे पसंत नाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि लेकीला म्हटलं, लाव बोट. लेकीनं कपाळाला बोट लावलं. सर उठायला गेले, गेले, परत गेले, आणि "अरेच्चा!" म्हणून जे हसत सुटले की चष्मा मांडीवर पडला. बायकोनं मग मलाही बसवून बघितलं, दोनदा. सर म्हणाले, ठीक आहे, मान्य, पण राक्षस बसलेला नाहीये. लेक तयारच होती. "ओहोटी आहे ना? मी चिखलातून पळते. माझं वजन कमी, मी रुतत नाही. तो माझ्या मागं येणार आणि गुडघ्यापर्यंत रुतणार." दिघीच्या चिखलात रुतलेली माणसं मी पाहिलीत. म्हटलं, रुतला. तिनं त्याच्या गुडघ्याच्या वर दोन्ही हातांनी मिठी मारली. फासा टाकला, चौदा पडले. पडवीत एकच आरडाओरडा. शेजारच्या वाडीतले पाहुणे कुंपणावरून बघायला आले.

बोट पलीकडे पोचायला सहा पाळ्या लागणार होत्या. पहिल्या दोन ती त्याच्याशी बोलली. कुठं दुखतं, कधीपासून, रात्री झोप लागते का. राक्षसाच्या वतीनं मी उत्तरं देत होतो आणि त्याचे सुटायचे फासे कमीच पडत होते. तिसऱ्या पाळीला राक्षसानं हातानं चिखल उडवला. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांत गेला, झोंबतंय, काही दिसत नाहीये. लेक म्हणाली, "डोळे पुसते." मी म्हटलं, नाही पुसता येणार, हात गुंतलेत. "मग सोडावं लागेल?" सोडू शकतेस, केव्हाही. "सोडला तर बोट?" बोट अजून मध्यावर आहे. तिनं कागदावरची शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. आई, मला वाटलं ती चिडणार, हा काय नियम म्हणून भांडणार. ती नुसती म्हणाली, "बरं. राहू दे डोळ्यांत." आणि राक्षसाला म्हणाली, "झालं बाळा, झालंच हं."

माझ्या हातातला फासा हातातच राहिला. कारण मला तुझा चेहरा दिसला, वरून, उलटा, जसा त्या टेबलावरून दिसायचा तसा. माझ्या कपाळावर थेंब पडायचे. रोज पडायचे. मी आजवर तो घाम समजत होतो, किश्शात तसंच सांगतो, मला धरताना आईला घाम फुटायचा म्हणून. घाम कसला? नाताळचे दिवस, खिडक्या उघड्या, डॉक्टर स्वेटर घालून. तू रडत होतीस गं. रडत होतीस आणि पुसत नव्हतीस, कारण पुसायला हात सोडावा लागला असता. आवाज मावशीचा ठेवलास, कारण आईचा लागला असता तर तो फुटला असता. केवढा मूर्ख मी, कोणाच्या बाजूची म्हणून विचारतोय. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, राक्षस विचार करतोय.

बोट पोचली. लेकीनं राक्षसाला सोडलं आणि त्याच्या पोटरीला मलम लावलं. सरांनी माझा अर्ध्या पानाचा कागद मागून घेतला, डिंकानं त्या अडीच पानांवर चिकटवला आणि पुस्तक पहिल्यांदाच लेकीच्या हातात दिलं. ती आता आत जाऊन सगळ्या नात्यातल्यांना फोन करून सांगतेय की तिनं राक्षस धरला.

हे पत्र वहीतच राहणार. पाठवायचं कुठं, आणि खरं म्हणजे कोणाच्या हाती लागू नये असंही वाटतं, कारण एक गोष्ट मी अजून कोणालाच सांगितलेली नाही. सातव्या-आठव्या दिवसानंतर मला ते इंजेक्शन फारसं दुखत नव्हतं. मी शहाण्यासारखा पडून राहू शकलो असतो. पण घरी तुझे हात कधी रिकामे नसायचे. ड्युटी, पाणी, चूल, धुणी, परत ड्युटी. दिवसातली ती दहा मिनिटंच तू मला धरून असायचीस, आणि मी हललो नाही तर धरणार नाहीस, एवढं गणित मला तेव्हाही येत होतं. म्हणून मी लाथा झाडायचो. चौदाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "संपलं, सोडा त्याला," आणि तू हात काढलेस, तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं रडलो. तुला वाटलं, सुटलो म्हणून रडतोय.